वंशाचा दिवा आणि पेशीतील वीजघर

(पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर, वाचकांसाठी थोडा विस्तार करून)



आजचा विषय थोडा संकोचाचा आहे. लग्नानंतर घरात पाळणा हलला नाही, तर आपल्याकडे त्याविषयी उघड कोणी बोलत नाही. कुजबूज मात्र घरोघर चालते आणि ती बहुधा एकाच व्यक्तीच्या पाठीमागे चालते, ती व्यक्ती म्हणजे घरची सून. ही कुजबूज ज्ञानावर आधारलेली नसते, म्हणून ती थांबवण्याचा उपायही ज्ञान हाच आहे. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून हा विषय मांडावा असे मला याच कारणाने वाटले.

मी बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. पण शाळेत शास्त्राचा तास रिकामा राहिला की तो घ्यावा लागतो, आणि दहावीच्या पुस्तकातील ‘तंतुकणिका’ हा शब्द मुलांना समजावता समजावता मी स्वतःच त्याच्या मागे लागलो. वाचून जे समजले तेवढेच तुमच्यापुढे ठेवतो. कोणाला औषध सांगावे हा माझा हेतू नाही.

आपल्या दोन तालुक्यांची दोन वीजघरे

तंतुकणिका समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. खालापूर तालुक्यात खोपोलीला आणि कर्जत तालुक्यात भिवपुरीला टाटांची जलविद्युत केंद्रे आहेत. खोपोलीचे केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या बाजूला पावसाचे पाणी तलावात अडवायचे, मोठमोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचे, आणि त्या लोंढ्याने चक्रे फिरवून वीज तयार करायची, अशी ही योजना. या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आपण लहानपणापासून घाटातले ते नळ पाहत आलो आहोत.

आता नवल पाहा. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असेच वीजघर आहे. एक नव्हे, शेकडो. त्यांनाच तंतुकणिका म्हणतात. इंग्रजीत मायटोकाँड्रिया हे नाव १८९८ साली कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने दिले. तंतुकणिकेला दोन पडदे असतात. आपण खाल्लेली भाकरी-भात आणि श्वासातील प्राणवायू यांच्या मेळातून जी शक्ती सुटते, तिच्या जोरावर हायड्रोजनचे सूक्ष्म कण आतल्या पडद्याच्या एका बाजूला साठवले जातात. हा झाला तलाव. आतला पडदा म्हणजे धरणाची भिंत. मग हे कण एका ठराविक वाटेनेच परत येतात, आणि येताना तिथे बसवलेले चक्र खरोखर फिरवतात. हे तत्त्व पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडले, तेव्हा अनेकांनी ते मानले नाही. १९७८ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आणि १९९७ साली जपानमधील शास्त्रज्ञांनी त्या चक्राचे फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखवले.

या चक्रातून जी ‘वीज’ निघते ती तारेतून वाहत नाही. ती एटीपी नावाच्या रसायनाच्या रूपाने साठते. हे एटीपी १९२९ साली सापडले. जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि त्याच सुमारास अमेरिकेत सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. हे सुब्बाराव आंध्रातील भीमवरमचे. गरिबीशी झगडत शिकलेला आपल्या देशातील एक मुलगा जीवनाच्या या मूळ नाण्याच्या शोधात भागीदार होता, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

वीजघर बिघडले की काय होते? नळाला गळती लागली तर पाणी वाया जाते आणि चक्र मंद फिरते. तंतुकणिकेतही तसेच होते, आणि शिवाय तिथे ठिणग्या उडतात. प्राणवायूचे काही कण अर्धवट अवस्थेत बाहेर पडून आसपासच्या नाजूक रचनेला इजा करतात. थोड्या ठिणग्या नेहमीच्याच, शरीर त्या विझवते. फार झाल्या की यंत्रच खराब होऊ लागते.

पुरुषाच्या बाजूचा हिशेब

मूल होण्यासाठी दोन पेशी एकत्र याव्या लागतात, पुरुषाची शुक्रपेशी आणि स्त्रीची अंडपेशी. दोन्हींना ऊर्जा लागते, पण दोघींचा संसार अगदी निराळा आहे.

शुक्रपेशी हा हलका प्रवासी. डोक्यात वडिलांचा वारसा, मागे शेपटी, आणि दोहोंच्या मध्ये मानेपाशी पन्नास ते पंचाहत्तर तंतुकणिका मळसूत्रासारख्या गुंडाळून बसवलेल्या. एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी ही पेशी, आणि तिला पंधरा-अठरा सेंटिमीटरची वाट काटायची असते. शेपटी हलवण्याची काही शक्ती साखरेतून थेटही मिळते, परंतु तंतुकणिका दुबळ्या असतील तर चाल मंदावते असे अनेक ठिकाणी आढळले आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील डॉ. के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली, शुक्रपेशींची हालचाल कमी असलेल्या पुरुषात तंतुकणिकांच्या स्वतःच्या जनुकांत बदल झालेले दाखवले. म्हणजे संख्या भरपूर, पण चालणारे थोडे, असा प्रकार असू शकतो. वरात मोठी, पण निम्मे वऱ्हाडी वाटेतच बसलेले!

इथे एक गोष्ट मनावर कोरून घ्या. धडधाकट शरीर, भरदार मिशा, वैवाहिक संबंध व्यवस्थित, यांपैकी कशावरूनही शुक्रपेशींची संख्या व चाल कळत नाही. ती फक्त तपासणीनेच कळते. ही तपासणी वंध्यत्वाच्या सर्व तपासण्यांत सोपी, स्वस्त आणि बिनदुखणी आहे. मूल न होण्याच्या प्रकरणांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर असते, असे वैद्यकशास्त्र सांगते.

आणि आपण काय करतो? माझ्या ओळखीची एक मुलगी, शाळेत हुशार, लग्नानंतर चार वर्षांनी माहेरी परत पाठवली गेली. त्या चार वर्षांत तिच्या पाच-सहा तपासण्या झाल्या, दोन गावचे झाडपाले झाले, गळ्यात ताईत झाले. तिच्या नवऱ्याची मात्र एकही तपासणी झाली नाही. ‘आमच्या मुलात काय दोष असणार?’ हे एकच वाक्य पुरेसे ठरले. दुसरा निकाह झाला, आणि ते घर अजूनही रिकामेच आहे. अर्धा हिशेब न मांडताच निकाल देणाऱ्या शिक्षकाला तुम्ही शाळेत ठेवाल का? मग घरात असा निकाल कसा चालतो?

आईची शिदोरी

अंडपेशी ही मानवी शरीरातील सर्वात मोठी पेशी. तिच्यात तंतुकणिका लाखाच्या घरात असतात. एवढा साठा कशाला? कारण गर्भ राहिल्यावर पहिले काही दिवस तो वाढणारा जीव नव्या तंतुकणिका तयार करत नाही. एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होतात, पण ऊर्जा सगळी आईने बांधून दिलेल्या शिदोरीतून खर्च होते. शिदोरी अपुरी किंवा खराब निघाली तर प्रवास वाटेतच थांबतो. पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे कळतही नाही.

वडिलांच्या थोड्या तंतुकणिका अंडपेशीत शिरतात खऱ्या, पण त्यांच्यावर आधीच खूण केलेली असते आणि त्या नष्ट केल्या जातात. त्यामुळे तुमच्या-माझ्या शरीरातील वीजघरे आईकडून आली, तिला तिच्या आईकडून. मुलगा असो वा मुलगी, पुढे ती मुलीकडूनच जातात. ज्याला आपण ‘वंशाचा दिवा’ म्हणतो, त्या दिव्यातील तेल आईच्या घराण्याचे असते! मुलगी झाली म्हणून तोंड वाकडे करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आता वयाचा प्रश्न. पुरुषात शुक्रपेशी रोज नव्या तयार होतात. स्त्रीचे तसे नाही. मुलगी जन्मतानाच तिच्या अंडाशयात सर्व अंडपेशी असतात, दहा ते वीस लाख. वयात येईपर्यंत त्यांतील तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात त्या फक्त चार-पाचशे. तिसाव्या वर्षी पक्व होणारी अंडपेशी तीस वर्षे वाट पाहत असते. इतक्या वर्षांत तिची वीजघरे झिजतात. अंडपेशी पक्व होताना गुणसूत्रांची अचूक वाटणी करावी लागते, आणि त्याला ऊर्जा लागते. ऊर्जा कमी पडली की वाटणी चुकण्याचा संभव वाढतो. पस्तिशीनंतर गर्भ राहण्यास उशीर होणे आणि गर्भपात वाढणे, यांमागे हे एक कारण मानले जाते.

हे ऐकून एखादे पालक म्हणतील, ‘मग काय, दहावी झाली की मुलीचे हात पिवळे करून टाकू!’ नाही, याचा अर्थ असा मुळीच नाही. विशीची सर्व वर्षे या दृष्टीने चांगलीच आहेत. एकविसाव्या वर्षी पदवी घेतलेली मुलगी कशालाही मुकलेली नसते. उलट अठरा वर्षांच्या आतील बाळंतपण आई आणि मूल दोघांनाही धोक्याचे असते, आणि कायद्यानेही ते लग्न गुन्हा आहे. शास्त्राचा आधार घेऊन मुलीचे पुस्तक मिटवू नका.

वीजघर कशाने बिघडते

आता आपल्या भागाकडे वळू.

पहिला शत्रू तंबाखू. विडी, सिगारेट, तंबाखू-चुना, गुटखा, सगळे त्यात आले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे. त्याच्या रिकाम्या पुड्या कुठे कुठे दिसतात हे तुम्ही जाणता. तंबाखूने शुक्रपेशींची संख्या आणि चाल दोन्ही घटतात, कारण पेशीतील त्या ठिणग्या वाढतात. आणि आपल्या माता-भगिनींची मशेरी? तिला आपण तंबाखू मानतच नाही. मुंबईत १२१७ गर्भवती स्त्रियांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मशेरीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि मुदतीपूर्वी होणारी बाळंतपणेही अधिक आढळली.

दुसरा शत्रू उष्णता. शुक्रपेशी तयार होण्याची जागा शरीराच्या बाहेर लटकती ठेवली आहे, ती उगाच नव्हे. तिथे शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. वीटभट्टीवर राबणारा मजूर, बेकरीच्या भट्टीपुढचा कारागीर, खोपोलीच्या कारखान्यात वितळत्या लोखंडाजवळ उभा राहणारा कामगार, मुंबई-पुणे रस्त्यावर दहा-दहा तास सीटवर बसून राहणारा ड्रायव्हर, या सर्वांचा हा व्यवसायाचा धोका आहे. काम सोडा असे मी म्हणणार नाही, पोट कोणाला चुकले आहे? पण मधून मधून उठावे, सैल सुती कपडे घालावेत, कामानंतर गार पाण्याने अंघोळ करावी. आणि मूल होण्यास उशीर झाला तर डॉक्टरांना आपला धंदा काय आहे हे आवर्जून सांगावे.

तिसरा शत्रू नवा आहे. व्यायामशाळेत जाणारी आपली काही तरुण मुले दंड फुगवण्यासाठी इंजेक्शने घेतात. ती पुरुषी संप्रेरकेच असतात, म्हणून मुलांना वाटते की पुरुषत्व वाढेल. प्रत्यक्षात बाहेरून संप्रेरक आले की शरीर आपला कारखाना बंद करते, आणि शुक्रपेशी जवळजवळ नाहीशा होतात. बाहेरून वीज विकत घेऊन भिवपुरीचे केंद्र बंद ठेवावे, आणि मग राजनाल्याला पाणी का नाही म्हणून ओरडावे, तसला हा प्रकार. इंजेक्शने बंद केल्यावर कारखाना बहुधा पुन्हा सुरू होतो, पण त्याला महिने लागतात.

या जोडीला दारू, लठ्ठपणा, ताब्यात नसलेला मधुमेह आणि जागरणे आहेतच. नवी शुक्रपेशी तयार होण्यास सुमारे सत्तर दिवस लागतात. म्हणून आज तंबाखू सोडला तर त्याचे फळ तीन महिन्यांनी दिसते. हे आशेचेही आहे. आजवर झाले ते झाले, पुढचे पीक नवे आहे.

मात्र सगळाच दोष तंतुकणिकांच्या माथी मारू नका. वीजघर उत्तम असून तार तुटली तर दिवा लागत नाही. स्त्रीच्या गर्भनलिका बंद असणे हे मोठे कारण, आणि आपल्या देशात त्यामागे पुष्कळदा गर्भाशयाचा क्षयरोग असतो. क्षयाचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतो. थायरॉइडचा विकार, पाळीची अनियमितता, पुरुषाच्या अंडकोशातील फुगलेल्या शिरा, अशी अनेक कारणे आहेत. म्हणून तपासणी हवी, तर्क नको.

परळची कामगिरी

आपल्या लोकलच्या मार्गावरचीच एक हकीकत सांगतो. शरीराबाहेर गर्भधारणा घडवून जगातील पहिले मूल इंग्लंडात २५ जुलै १९७८ रोजी जन्मले. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मली. पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. चौकशी, अपमान, बदली यांनी खचून त्यांनी १९८१ साली जीवन संपवले.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. भारतातील पहिले मूल म्हणून तिची नोंद झाली. पुढे १९९७ साली आनंदकुमारांच्या हाती मुखोपाध्यायांची कागदपत्रे आली. ती वाचून त्यांनी जाहीरपणे सांगितले की पहिलेपणाचा मान माझा नव्हे, त्यांचा. स्वतःच्या गळ्यातील हार काढून मृत माणसाच्या तसबिरीला घालणारा हा शास्त्रज्ञ मला फार मोठा वाटतो.

आणखी पुढची गोष्ट. काही स्त्रियांच्या तंतुकणिकांतच आनुवंशिक रोग असतो, आणि तो मुलांत उतरून मुले दगावतात. अशा वेळी दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी अंडपेशीतील तंतुकणिका वापरण्याची परवानगी ब्रिटनने २०१५ साली कायद्याने दिली. जुलै २०२५ मध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी अशा रीतीने आठ बाळे जन्मल्याचे जाहीर केले. हा उपाय रोग टाळण्यासाठी आहे, सरसकट वंध्यत्वासाठी नव्हे. त्यात नात्याचे आणि धर्माचे प्रश्न आहेत, त्यांचा विचार जाणत्यांनी करावा. पती-पत्नीच्याच पेशी वापरून केलेल्या उपचाराला मात्र इजिप्तच्या मुफ्तींनी १९८० सालीच मान्यता दिली आहे, हे शंका घेणाऱ्यांसाठी नमूद करतो.

बाजारापासून सावध

जिथे गरज असते तिथे बाजार भरतो. ‘पेशींची शक्ती वाढवणाऱ्या’ गोळ्यांच्या महागड्या बाटल्या आता खेड्यापर्यंत आल्या आहेत. त्यांचा पुरावा कच्चा आहे. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा गोळ्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या पुरुषांत उपयोगाचा फरक दिसला नाही. स्त्रीच्याच दुसऱ्या पेशींतील तंतुकणिका अंडपेशीत घालण्याचा एक उपचार काही वर्षे गाजला. स्पेनमध्ये २०१९ साली त्याची पारख झाली, तेव्हा फायदा आढळला नाही. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून गोळ्या घेऊ नका, जमीन गहाण टाकून उपचार करू नका. उपचार केंद्रांसाठी २०२१ साली कायदा झाला आहे आणि त्याखाली प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. पैसे मोजण्यापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागा. मागण्यात लाज नाही.

मग आपण काय करावे

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी डॉक्टरांकडे जावे. पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे. पहिल्या भेटीला पतीने बरोबर जावे, आणि पहिली तपासणी त्याची व्हावी. सासूबाईंनी सुनेला टोमणा मारण्यापूर्वी मुलाला एकच प्रश्न विचारावा, ‘तुझा रिपोर्ट कुठे आहे?’ एवढे जरी आपल्या दोन तालुक्यांत झाले, तरी कितीतरी संसार वाचतील.

आणि सर्व उपाय करूनही मूल झाले नाही तर? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की जगात सहा जणांत एकाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. तो गुन्हा नाही, शिक्षाही नाही. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांना अपत्य नव्हते. त्यांच्या इल्मपुढे मोठमोठे विद्वान शिष्य म्हणून बसले. ज्या समाजाच्या इतिहासात एवढे मोठे उदाहरण आहे, त्या समाजात मूल नाही म्हणून एखाद्या स्त्रीला पंगतीत मागे बसवले जावे, बारशाला बोलावू नये, हे कसे शोभते?

खोपोलीचे वीजघर आपल्याच दारात असताना पायथ्याच्या कित्येक वाड्यांत पुढे अनेक वर्षे अंधारच होता. ज्ञानाचेही तसेच होते. परळला शोध लागतात आणि इथल्या घरांत ताईत बांधले जातात. ती तार ओढून घराघरापर्यंत आणणे हे शाळेचे काम आहे, आणि शाळा म्हणजे तुम्ही-आम्हीच.